तिखट किती, यापेक्षा चव कोणती?

होळी मागे पडली की करंजाडे येथील इमारतींच्या गच्च्या लाल दिसू लागतात. पनवेल शहराला लागून, गाढी नदीच्या पलीकडे सिडकोने वसविलेल्या या वसाहतीत मूळचे आगरी ग्रामस्थ आहेत, नवी मुंबई विमानतळ प्रकल्पामुळे या परिसरात स्थलांतरित झालेली कुटुंबे आहेत. शिवाय कोकण, कोल्हापूर, खानदेश आणि विदर्भातून नोकरीनिमित्त आलेले रहिवासीही आहेत. पावसाळ्यापूर्वीची बेगमी म्हणून वर्षाचा मसाला करण्याची रीत यांपैकी बहुतेक घरांनी सोडलेली नाही. मात्र गच्चीवर शेजारीशेजारी वाळत घातलेल्या मिरच्या पाहिल्या तर त्या एका जातीच्या नसतात. एका चादरीवर लांब, सुरकुतलेली ब्याडगी असते, दुसऱ्या चादरीवर संकेश्वरी, तर कोपऱ्यात मूठभर लवंगी.

या मिश्रणामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा एक साधा विचार आहे. मिरचीकडून रंग, गंध आणि तिखटपणा अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात आणि एकच मिरची या तिन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात देत नाही. ‘जगातील सर्वांत तिखट’ अशी जाहिरात करणाऱ्या सॉसच्या बाटल्या आणि नूडल्सची पाकिटे शहरी दुकानांत दाखल झाली असताना हा विचार विसरला जाण्याची भीती आहे.

तिखटपणा ही चव नव्हे

गोड, आंबट, खारट, कडू या चवी जिभेवरील स्वादग्रंथी ओळखतात. तिखटाचे तसे नाही. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य तोंडातील चेतातंतूंच्या ज्या ग्राहकांना उद्दीपित करते, ते ग्राहक मुळात भाजण्याची, म्हणजे अति उष्णतेची सूचना मेंदूकडे पोहोचवितात. म्हणूनच तिखट खाल्ल्यावर तोंड ‘भाजते’, घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येते. या ग्राहकाचा शोध अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये जाहीर केला. उष्णता व स्पर्श यांच्या संवेदनांवरील संशोधनासाठी २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासमवेत देण्यात आले.

तिखटपणा बियांत असतो, हा समज सार्वत्रिक असला तरी बरोबर नाही. कॅप्सायसिन तयार होते ते मिरचीच्या आतील पांढरट शिरांत. बिया त्यांना चिकटलेल्या असल्याने त्यांना ते लागते एवढेच. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. त्यामुळे तोंड भाजल्यावर पाणी पिऊन फारसा उपयोग होत नाही. दूध, दही किंवा तूप लावलेली भाकरी अधिक कामी येते. कोल्हापुरात तांबड्या रश्शाशेजारी पांढरा रस्सा वाढण्यामागे पाहुणचाराचा भाग असेलच. पण नारळाच्या दुधातील स्निग्धांश तांबड्याचा दाह शमवितो, हेही खरे.

मिरचीचा स्वाद मात्र वेगळ्याच घटकांतून येतो. ढोबळी मिरचीत कॅप्सायसिन जवळजवळ नसते, तरी डोळे मिटून वास घेतला तरी ती मिरचीच आहे हे कळते. हिरव्या मिरचीचा हा ताजा, गवतासारखा गंध आणि वाळल्यानंतर किंवा भाजल्यानंतर तिला येणारा खमंगपणा यांचा तिखटपणाशी थेट संबंध नाही.

मोजमाप आणि चढाओढ

तिखटपणा मोजण्याची पहिली पद्धत अमेरिकी औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तयार केली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात मिसळायचा आणि चव घेणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत तो पातळ करीत जायचा. जितका अधिक पातळ करावा लागेल तितका मिरचीचा अंक मोठा. आता हे काम प्रयोगशाळेतील यंत्रे करतात. एककाला मात्र स्कोव्हिल यांचेच नाव आहे. शुद्ध कॅप्सायसिनचा अंक सुमारे १ कोटी ६० लाख मानला जातो.

ईशान्य भारतातील भूत जोलकिया या मिरचीने दहा लाखांचा टप्पा ओलांडल्याची नोंद २००७ मध्ये गिनेस बुकाने केली. त्यानंतर ही शर्यत थांबलीच नाही. २०१३ मध्ये कॅरोलिना रीपर आणि २०२३ मध्ये सरासरी २६ लाख ९३ हजार स्कोव्हिलची पेपर एक्स अशी विक्रमांची मालिका सुरू राहिली. या दोन्ही जाती अमेरिकेत केवळ तिखटपणाच्या ध्यासातून तयार करण्यात आल्या. ईशान्येत मात्र जोलकियाकडे विक्रम म्हणून पाहिले जात नाही. तिचा फळासारखा गंध तेथील लोकांना प्रिय आहे आणि एखादी मिरची लोणच्याला किंवा चटणीला पुरते.

या चढाओढीची किंमतही मोजावी लागली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एकच अतितिखट चिप खाण्याचे आव्हान स्वीकारलेल्या १४ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. मोठ्या प्रमाणात कॅप्सायसिन पोटात गेल्यानंतर त्याची हृदयक्रिया बंद पडल्याचे अहवालात नमूद होते. त्याच्या हृदयात आधीपासून दोष असल्याचेही त्यात म्हटले होते. उत्पादकाने ती चिप बाजारातून मागे घेतली. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने कॅप्सायसिनच्या प्रमाणावरून कोरियन नूडल्सचे तीन प्रकार मागे घ्यायला लावले. पुढे त्यांपैकी दोन प्रकारांना पुन्हा परवानगी मिळाली.

आपल्याकडच्या मिरच्या

मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्यात आली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकातील तिखटपणा मिरी आणि पिंपळी यांचा होता. ‘मिरची’ हे नावही ‘मिरी’वरूनच पडले. पाहुणी म्हणून आलेली ही वनस्पती येथे इतकी रुजली, की प्रत्येक मुलखाची आपली मिरची तयार झाली.

ब्याडगी : कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावावरून हे नाव पडले. सुरकुतलेली साल, गडद लाल रंग आणि सौम्य तिखटपणा ही तिची ओळख. ‘डब्बी’ म्हणजे आखूड व जाड आणि ‘कड्डी’ म्हणजे लांब व बारीक असे तिचे दोन प्रकार आहेत. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा रंग सौंदर्यप्रसाधनांतही वापरला जातो.

संकेश्वरी : बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरच्या बाजारपेठेचे नाव तिला मिळाले असले, तरी गडहिंग्लज परिसरातील शेतीशी तिचे नाते जुने आहे. रंग, तिखटपणा आणि विशेषतः चव यांचा मेळ तिच्यात साधतो. अस्सल संकेश्वरी बाजारात थोडी येते आणि ब्याडगीप्रमाणेच चढ्या भावाने विकली जाते. त्यामुळे तिच्या नावावर दुसरीच मिरची खपविली जाण्याचे प्रकारही होतात.

लवंगी : आकाराने लहान, झोंबण्यात मोठी. मिश्रणात ती थोडीच घालतात.

भिवापुरी : नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची ही मिरची भौगोलिक मानांकनप्राप्त असून विदर्भाच्या झणझणीत रश्श्यांशी तिचे नाव जोडलेले आहे.

गुंटूर : आंध्र प्रदेशातील ही मिरची तिखटपणासाठी घेतली जाते. महाराष्ट्रात मिरचीची मोठी उलाढाल नंदुरबारच्या बाजारात होते. तेथे पथारीवर पसरलेल्या लाल मिरच्यांचे गालिचे हे हंगामाचे नेहमीचे दृश्य आहे.

गोव्यातील खोला आणि हरमल : या दोन्ही मिरच्यांना भौगोलिक मानांकन आहे. व्हिनेगर आणि लसणीसह वाटलेल्या रेशादसारख्या मसाल्यात गोव्याची मिरची खुलते.

मसाल्याचे गणित

आगरी-कोळी मसाल्यात सहसा रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी, चवीसाठी संकेश्वरी आणि तिखटपणासाठी लवंगी किंवा गुंटूर असा हिशेब असतो. त्यात धणे, बडीशेप, दगडफूल, तमालपत्र, हळकुंड, मिरी, लवंग, दालचिनी अशी जिनसांची भर पडते. एका घरचे प्रमाण दुसऱ्या घराशी जुळत नाही आणि जुळावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. सासूकडून सुनेकडे आलेले प्रमाण हीच त्या घराची चव असते. त्यातील एखादी मिरची महागली म्हणून केवळ तिखट जात वाढविली, तर कालवणाचा रंग फिका पडतो आणि वर्षभर जिभेला चटका तेवढा उरतो.

मिरच्यांचे देठ खुडून त्या कडक उन्हात वाळविल्या जातात आणि मसाला डंकावर कुटला जातो. चक्कीत दळताना पीठ तापते व गंध उडतो. डंकात तो अधिक टिकतो, असा जुन्याजाणत्यांचा अनुभव आहे. कुटलेला मसाला थंड करून कोरड्या बरणीत दाबून भरतात आणि वर हिंगाचे खडे ठेवतात. ऊन, हवा आणि ओल यांपासून तो दूर राहिला तरच त्याचा रंग व वास टिकतो. कोल्हापूरकडे तिखटालाच ‘चटणी’ म्हणतात आणि कांदा-लसूण घातलेल्या या चटणीवर तेथील स्वयंपाक उभा असतो.

ठेचा आणि बाटलीतील सॉस

परदेशांतही जी सॉस टिकली, ती केवळ जाळणारी नाहीत. लुइझियानातील एव्हरी बेटावर १८६८ पासून तयार होणाऱ्या टबॅस्को सॉससाठी वाटलेली मिरची मिठासह लाकडी पिंपांत, प्रसंगी तीन वर्षांपर्यंत मुरवितात आणि मग तीत व्हिनेगर घालतात. तिचा तिखटपणा साधारण २५०० ते ५००० स्कोव्हिल, म्हणजे भूत जोलकियाच्या तुलनेत नगण्य. थायलंडमधील सी राचा या गावाचे नाव धारण करणाऱ्या सॉसमध्ये लसूण, साखर आणि आंबटपणा यांचा तोल असतो.

आपल्या ठेच्यातही हेच दिसते. हिरवी मिरची तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायची, लसूण परतायची, शेंगदाणे आणि मीठ घालून ओबडधोबड ठेचायचे. भाजल्याने मिरचीचा हिरवा उग्र वास उतरून खमंगपणा येतो आणि दाण्यांचे व कच्च्या तेलाचे स्निग्धत्व दाह आवरते. मिक्सरमधून गुळगुळीत वाटलेल्या ठेच्यात घासागणिक बदलणारी ही चव सापडत नाही.

रंगाचा मोह

केवळ तिखटपणाचा हव्यास जसा फसवा, तसाच केवळ रंगाचाही. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये मिरची पुडीत सुदान-१ हा खाद्यपदार्थांत निषिद्ध असलेला औद्योगिक रंग आढळला आणि चारशेहून अधिक उत्पादने दुकानांतून मागे घ्यावी लागली. मिरचीचा नैसर्गिक लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात सहजी विरघळत नाही. त्यामुळे पाण्याने भरलेल्या पेल्यात चिमूटभर पूड टाकल्यावर लाल रेघा खाली उतरू लागल्या, तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असल्याचा संशय घ्यावा. तळाशी खरखरीत गाळ बसला, तर विटेची भुकटी किंवा वाळू असू शकते. सुदानसारखे तेलात विरघळणारे रंग मात्र या चाचणीत पकडले जात नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. म्हणूनच अख्खी मिरची पाहून घेणे आणि डोळ्यांदेखत कुटून घेणे हा मार्ग अधिक खात्रीचा ठरतो.

मिरची घेताना ती हातात दाबून पाहावी. चांगली वाळलेली मिरची कडकड वाजते, ओली असेल तर लवते आणि पुढे बुरशी धरते. देठ शाबूत असावा, सालीवर पांढरे वा काळे डाग नसावेत. एक मिरची मोडून वास घेतला तर ती किती झोंबेल हे कळणार नाही, पण चव कशी देईल याचा अंदाज बांधता येतो. वाशीच्या मसाला बाजारात किंवा लालबागच्या मिरची गल्लीत जाणकार गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी हेच करताना दिसते.