‘अर्ज नामंजूर’ म्हणजे पान उलटायचं का?

अभिलेखागारात पहिल्यांदा बसाल तेव्हा ‘नामंजूर’ हा शेरा तुम्हाला पदोपदी भेटेल आणि पुढे जावंसं वाटेल. जरा थांबा.

मार्च 1823, कलकत्ता. हंगामी गव्हर्नर जनरल जॉन ॲडम यांनी नवा नियम आणला: सरकारी परवान्याशिवाय वृत्तपत्र काढायचं नाही. पण 1773 च्या रेग्युलेटिंग ॲक्टमध्ये एक अट होती. नियम आधी जाहीर करायचा, त्याची प्रत न्यायालयात सगळ्यांना दिसेल अशी लावायची, 20 दिवस थांबायचं, आणि सुप्रीम कोर्टाने संमती देऊन नोंदवला तरच तो लागू. याला आजच्या अर्थाने ‘हरकती व सूचना’ म्हणता येणार नाही. राममोहन रॉय यांनी मात्र ती मुदत तशीच वापरली. द्वारकानाथ टागोर आणि आणखी चौघांच्या सह्या घेऊन त्यांनी अर्ज केला. मुद्दा साधा होता: एवढ्या मोठ्या मुलखात कारभार कुठे चुकतोय हे सरकारला कळणार कसं, लोकांनी छापूनच सांगितलं नाही तर?

पुढचा भाग वाचताना मला राग आला होता, लपवत नाही. न्यायाधीश मॅकनॉटन यांनी कोर्टात सांगूनच टाकलं की, संमती देईन असा शब्द आपण सरकारला आधीच दिलाय. म्हणजे युक्तिवाद झाला, पण निकाल सुनावणीच्या आधीच ठरलेला! 4 एप्रिलला नियम नोंदला गेला. राममोहन यांनी आपलं फारसी पत्र ‘मिरात-उल-अखबार’ बंद केलं. इंग्लंडच्या राजाकडे केलेली दादही फेटाळली गेली.

मग ही मुदत नुसता देखावा होती? इथे घाई करू नका. 1826 मध्ये असाच नियम मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे आला, आणि तिथल्या न्यायाधीशांनी तो नोंदवायला नकार दिला. नोंदणीची पायरी तीच, निकाल उलटा. म्हणून प्रश्न ‘अर्ज यशस्वी झाला का?’ एवढाच ठेवू नका. मान्यता द्यायची की नाही हे कोणाच्या हातात होतं आणि तो माणूस सरकारला किती बांधलेला होता, तेही विचारा.

आणि सह्या मोजा. सहा. सगळे कलकत्त्याचे प्रतिष्ठित पुरुष. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याची पोटापाण्याची सोयही त्याच नियमावर अवलंबून होती. त्या कागदावर त्याचं नाव नाही.