महाड : पूर आणि दरडींच्या कात्रीत सापडलेला तालुका

चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे देशाला परिचित असलेले महाड सावित्री नदीच्या काठी वसले आहे. रायगड जिल्ह्यातील या तालुक्याला महापूर नवा नाही. मात्र गेल्या दोन दशकांत येथे सर्वाधिक बळी घेतले ते दरडींनी.

पूर का येतो?

सावित्रीचा उगम महाबळेश्वरच्या डोंगरात होतो. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस तीव्र उतारावरून काही तासांतच महाडच्या सखल भागात उतरतो. काळ आणि गांधारी या नद्याही याच परिसरात सावित्रीला मिळतात. पुढे बाणकोटच्या खाडीतून भरतीचा प्रभाव थेट महाडपर्यंत पोहोचतो. अतिवृष्टी आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याचा निचरा मंदावतो आणि बाजारपेठ पाण्याखाली जाते. पात्रात साचलेला गाळ ही आणखी एक अडचण असून, 2021 च्या महापुरानंतर तो काढण्याचे काम हाती घेण्यात आले.

दरड का कोसळते?

सह्याद्रीच्या कठीण बेसॉल्टवर अनेक ठिकाणी झिजलेल्या खडकाचा व मातीचा जाड थर आहे. सलग पावसाने तो पाणी शोषून जड होतो, त्याची पकड सुटते आणि चिखल, दगड व झाडे यांचा लोंढा पायथ्याच्या वस्तीवर येतो.

प्रमुख दुर्घटना

25 व 26 जुलै 2005 : जुई, दासगाव, कोंडिवते व रोहन येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक ग्रामस्थांचा मृत्यू.

2 ऑगस्ट 2016 : मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल रात्री पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन बसगाड्या व अन्य वाहने नदीत कोसळली. नवा पूल जून 2017 मध्ये खुला झाला.

22 जुलै 2021 : महाड शहरात महापूर, त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा मृत्यू. या सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

पहिले तास निर्णायक

2005 आणि 2021 या दोन्ही वर्षांतील घटनाक्रम एकच गोष्ट अधोरेखित करतो. येथे पूर आणि दरड या दोन स्वतंत्र आपत्ती नाहीत. ज्या पावसाने डोंगर खचतो, त्याच पावसाने रस्ते बंद होतात. तळियेतही बचाव पथके दुसऱ्या दिवशीच पोहोचू शकली. साहजिकच पहिल्या काही तासांची भिस्त गावकऱ्यांवरच असते.

दरडप्रवण गावांच्या यादीत नाव नसणे म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. जिल्ह्यातीलच खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. ती वाडी यादीत नव्हती.

जमिनीला वा भिंतींना नव्या भेगा पडणे, झाडे व विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे अथवा आटणे, डोंगरातून गडगडाट ऐकू येणे ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच, आदेशाची वाट न पाहता, उतारापासून व ओढ्यापासून दूर असलेल्या जागी दिवसाउजेडी स्थलांतर करणे हाच खात्रीचा उपाय आहे.