घटातलं वीतभर शेत

आमच्या पिंप्राळ्यात दर वर्षी आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघर वीतभर शेत पेरलं जातं. पळसाची पत्रावळ किंवा वेताची परडी, तिच्यात दोन बोटं काळी माती, मातीत गहू, दादर ज्वारी, बाजरी, मका, हरभरा, मूग, आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट. वर विड्याची पानं, नारळ. शेजारी अखंड दिवा. नऊ दिवसांत त्या मातीतून वीत-वीत धान वर येतं आणि दसऱ्याला घरातले पुरुष ते टोपीत खोवून शिलंगणाला निघतात, बायका वेणीत माळतात.

मी घरी मायक्रोग्रीन, म्हणजे आठ-दहा दिवसांची कोवळी रोपं, पिकवते आणि जळगावात थोडीफार विकते. मुळा, मोहरी, मेथी, राजगिरा. घेणारे लोक ट्रे हातात धरून विचारतात, “हे फॉरेनचं ना?” त्यांना मी घटाचीच गोष्ट सांगते. दाट पेरायचं, हलकं झाकायचं, बेतानं पाणी द्यायचं आणि आठ-दहा दिवसांत काढायचं, ही सगळी रीत खान्देशातल्या बाईच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण ते धान खात नव्हतो, एवढाच काय तो फरक. ते पाहायचं, वाचायचं आणि देवाला वाहायचं असायचं.

त्या घटाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. घट न रंगवलेला, साध्या मातीचा, बिनझिलईचा असतो. त्यातलं पाणी बुडातून आणि कडेतून हळूहळू पाझरतं आणि भोवतालची माती ओली राहते. वरून पाणी द्यावं लागलंच तर ते बोटांनी शिंपडायचं. आमच्या सासूबाई म्हणायच्या, “पानी शिपड, वतू नको.” बी झरझर उगवतं ते या पाझरामुळं. माती नुसती दमट हवी, चिखल झाला की दाणा कुजतो आणि वर पांढरी बुरशी धरते. ज्या जळगावानं ठिबकच्या नळ्या देशभर पोचवल्या, त्या जळगावच्या देवघरांत थेंबाथेंबानं मुळाशी पाणी देण्याची युक्ती त्याआधीपासून चालू होती. हे मला फार मोलाचं वाटतं आणि शाळेत मुलांना हे कुणी तरी दाखवावं असंही वाटतं.

दुसरी गोष्ट धानाच्या रंगाची. देवघरातला घट पिवळाधमक वाढतो, लांब आणि नाजूक. अंधाऱ्या कोनाड्यात समईचा तेवढा उजेड, त्यामुळं पानात हिरवा रंग तयारच होत नाही आणि रोप उजेड शोधत नुसतं उंच होतं. हाच घट ओटीवर, खिडकीजवळ बसवला तर धान हिरवंगार आणि बुटकं येतं. मायक्रोग्रीनवाला हीच गोष्ट मुद्दाम करतो: पहिले दोन-तीन दिवस ट्रे झाकून ठेवायचा म्हणजे देठ उंच होतो, मग उजेडात आणायचा म्हणजे पान हिरवं भरतं. घट पाहिलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता घट वाचण्याविषयी. कोणतं धान दाट आलं, कोणतं विरळ, कोणतं मध्येच मान टाकून पडलं, यावरून घरातली म्हातारी माणसं यंदा कोणतं पीक साधेल ते सांगायची. याला नुसती श्रद्धा म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. तिथी पाहा. घट बसतो तेव्हा खरीप काढणीला आलेलं असतं आणि रब्बी तोंडावर असते. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीत दादर पेरायची ती याच सुमाराला, पावसाची ओल जमिनीत आहे तोवर. पाठोपाठ हरभरा, मग गहू. पेरायचं बी घरचंच: ज्वारीची निवडक कणसं आढ्याला टांगलेली, गहू राखेत चोळून किंवा कडुलिंबाचा पाला घालून कणगीत ठेवलेला. चार महिन्यांच्या पावसाळी दमटपणानंतर त्यातलं किती जिवंत राहिलं हे पेरणीआधी कळायला हवं. तेच बी मूठभर घटात पडलं की नऊ दिवसांत उत्तर मिळायचं, आणि उत्तर वाईट आलं तरी शेजाऱ्याकडून बी बदलून आणायला अजून वेळ असायचा.

देशात बियाण्यांचा कायदा आला १९६६ साली. महाबीज अकोल्याला उभं राहिलं १९७६ मध्ये. तेव्हापासून पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का छापून यायला लागला आणि ती तपासणी घरातून प्रयोगशाळेत गेली. संकरित ज्वारी आली, कापूस वाढला, सरकी पाकिटातून यायला लागली. घटाकडे आता पूजा तेवढी उरली. तरी पावसाळ्याआधी कृषी खात्याची माणसं आजही गावोगाव हेच सांगतात: घरचं सोयाबीन पेरणार असाल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर पेरा. मी ट्रे भरण्याआधी प्रत्येक नव्या पोत्यातले शंभर दाणे ओल्या फडक्यात ठेवते ती त्याच परंपरेतली गोष्ट. तुम्ही सुरुवात करणार असाल तर हे आधी करा. ट्रे, दिवे, रॅक नंतर.

धान परडीत पेरण्याची ही चाल आपल्याच राज्यापुरती नाही. खान्देशाची जुनी राजधानी बऱ्हाणपूर, आणि तिच्यापलीकडे निमाड सुरू होतो. तिथं चैत्रात गणगौर बसते, रनुबाई आणि धणियर राजाची. छोट्या टोपल्यांत गहू पेरतात, त्याला जवारे म्हणतात, आणि ज्या खोलीत पेरतात तिला माताची बाडी. त्या खोलीत कुणी ऊठसूट शिरत नाही. स्वच्छता पाळतात, पाणी ठरलेल्या माणसानंच द्यायचं. धार्मिक नेम म्हणून पाळलेली ही शिस्त कोवळ्या रोपाला नेमकी मानवते. बुरशी पसरते ती हातांनी आणि उघड्या दारातून येणाऱ्या धुळीनं.

मग आपण कोवळं खात नव्हतो का? खात होतो, फक्त शेतातून खुडून. हरभरा वीतभर झाला, फुलोऱ्यावर यायच्या आत, की बायका सकाळी शेंडे खुडायला जायच्या. शेंडा खुडला की झाडाला जास्त फांद्या फुटतात, म्हणून शेतमालकही हसत खुडू द्यायचा. पानांवरच्या आंबेनं बोटं चरचरायची. ती भाजी ओली खायची, उरलेली सावलीत वाळवून डब्यात भरायची आणि उन्हाळ्यात, मंडईत हिरवं पान महाग झालं की, कळण्याच्या भाकरीबरोबर शिजवायची.

पण बियापासून थेट आठ-दहा दिवसांत काढून विकायचा धंदा महाराष्ट्रात सगळ्यांत आधी कुणी केला म्हणाल, तर माझं बोट मुंबईच्या समुद्रमेथीकडे जाईल. समुद्रकाठच्या वाळूत मेथी दाटीवाटीनं फेकायची, पाणी मारायचं, दोन पानं उघडून तिसरं डोकावलं की मुळासकट उपटायची आणि बोटाएवढ्या जुड्या बांधायच्या. पांढरा लांब देठ, टोकाला दोन गोल पानं. मुंबईच्या बाजारात या जुड्यांचे ढीग मी पाहिलेत आणि त्या निवडताना वाळू निघेस्तोवर पाण्यात किती वेळा बुचकळाव्या लागतात तेही. कुणी तिला मायक्रोग्रीन म्हटलं नाही, प्लास्टिकच्या डबीत घातलं नाही. कोळीवाड्यांच्या आसपास, वाळूच्या पट्ट्यात, कमी जागेत, कमी दिवसांत हातात पैसा देणारं पीक होतं ते. घरच्या घरी थोडकं विकू पाहणाऱ्यानं कित्ता गिरवायचा तर या बायाबापड्यांचा गिरवावा.

गव्हांकुराची लाट वेगळी. अमेरिकेत १९३० च्या दशकात चार्ल्स श्नाबेल यांनी धान्याचं कोवळं गवत वाळवून माणसांसाठी विकायला आणलं. पुढं बॉस्टनमध्ये ॲन विगमोर यांनी गव्हांकुराच्या रसाचा प्रचार केला आणि तो आपल्याकडच्या निसर्गोपचारवाल्यांपर्यंत पोचला. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांसाठी छोट्या पेल्यांत हिरवा रस विकणारे शहराशहरांत दिसू लागले. यातला एक धडा विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. विगमोरबाईंनी मधुमेह आणि पुढं एड्सवरही आपल्या पद्धतीचे दावे केले, तेव्हा १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी वकिलानं त्यांना कोर्टात खेचलं. माझ्याकडेही लोक येतात, “शुगर उतरते का?” म्हणून. मी सांगते, ही भाजी आहे. जेवणात खा, गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

मायक्रोग्रीन या नावानं ही वस्तू १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हॉटेलांच्या ताटांत सजावट म्हणून आली. २०१२ मध्ये मेरिलँड विद्यापीठ आणि अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी २५ प्रकार तपासले आणि बऱ्याच प्रकारांत जीवनसत्त्वं पूर्ण वाढलेल्या पानांपेक्षा कित्येक पटींनी जास्त सापडली. लाल कोबीत क जीवनसत्त्व भरपूर, कोथिंबिरीत कॅरोटिनॉइड. पटींचा तो आकडा जाहिरातीत लगेच चढतो. पण आपण मेथीची भाजी वाटीभर खातो आणि मायक्रोग्रीन चिमूटभर, हा हिशेब जाहिरात मांडत नाही.

जळगावात हे पीक रुजायला एक स्थानिक कारण होतं. १९९० च्या दशकात इथं ऊतिसंवर्धित ग्रँड नैन केळी आली आणि तिच्यासोबत रोपं कणखर करणाऱ्या नर्सऱ्या आल्या. कोकोपीटच्या विटा, प्रो-ट्रे, शेडनेट, फवारणीचे बारीक नोझल, हे सगळं रावेर-यावलच्या केळीसाठी आधीच बाजारात होतं. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्यांनी मोबाइलवर मायक्रोग्रीन पाहिली तेव्हा सामानासाठी पुण्या-मुंबईकडे पाहावं लागलं नाही. दालमिलच्या गावात अख्खं धान्य तर पोत्यानं मिळतं. मात्र पॉलिश केलेला किंवा यंत्रात मार खाल्लेला दाणा उगवत नाही. आणि पेरणीच्या पाकिटातलं गुलाबी, निळं रंगवलेलं बी चुकूनही वापरू नये. त्यावर बुरशीनाशक असतं, ते शेतासाठी ठीक, आठ दिवसांत पोटात जाणाऱ्या पानासाठी नाही.

इथल्या हवेत काय जमतं ते सांगते. दहा बाय वीस इंचाच्या ट्रेला मोहरी दहा-पंधरा ग्रॅम, मुळा तीसेक ग्रॅम. दोन्ही आठवडा ते दहा दिवसांत येतात. मेथीला दोन दिवस जास्त. कोथिंबिरीचे धणे रगडून दोन फाकी केल्याशिवाय पेरू नयेत आणि तिला तीन आठवडे द्यावेत. अळीव भिजवला की बुळबुळीत होतो, म्हणून कोरडाच भुरभुरायचा. वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला भिडला की गच्चीवर काही राहत नाही. ट्रे खालच्या मजल्यावर उत्तरेच्या खोलीत, दारावर ओलं गोणपाट. वाघूर धरणाचं पाणी नळाला रोज येईलच असं नाही, पण या पिकाला लागतं तांब्या-दोन तांब्या, म्हणून निभतं.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, ती स्वच्छता. १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुलं आजारी पडली, संशय मुळ्याच्या कोवळ्या रोपांवर आला. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून जंतू पसरले आणि पन्नासावर माणसं गेली. त्या मेथीचं बी इजिप्तमधून आलेलं होतं. दाण्यावर बसलेला जंतू उबेत आणि ओलीत दाण्याबरोबरच वाढतो. आपल्याकडे मटकीला मोड आणतात ते उसळ शिजवण्यासाठी, म्हणून धोका टळतो. मायक्रोग्रीन कच्ची खातात. म्हणून देठ मातीच्या वरून कापायचा, मूळ आणि टरफल ताटात येऊ द्यायचं नाही, ट्रे दर वेळी धुऊन उन्हात वाळवायचे, पिण्याचंच पाणी वापरायचं, आणि डबीवर कापल्याची तारीख लिहायची. तारीख न लिहिता विकणाऱ्याकडून मी स्वतः घेत नाही.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा आठवडाभर घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि माझी विक्री थांबते. तयार ट्रे वाया जात नाहीत. मेथीला आणखी दोन आठवडे राहू दिलं की तीच रोजची भाजी होते. मुळा तिखट होतो, तो मुगाच्या डाळीत शेवटच्या उकळीला टाकायचा. मोहरीची पानं ठेच्यात हिरव्या मिरचीबरोबर कुटायची. नव्यानं सुरुवात करणाऱ्या मुली विचारतात, रोज किती ट्रे लावायचे. मी म्हणते, जेवढं न विकलं गेलं तर तुझं घर दोन दिवसांत खाऊन टाकेल, तेवढेच.