लास पिन्यासचा बांबूचा ऑर्गन

२३. मनिलाच्या दक्षिणेला असलेल्या लास पिन्यासमधील सेंट जोसेफ चर्चचा हा ऑर्गन. आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीत पितळी पट्ट्या थरथरून सूर निघतो. इथे भात्याची हवा नळ्यांत शिरून तो उमटतो, आणि स्वरागणिक वेगळी नळी लागते. तिथले धर्मगुरू दिएगो सेरा यांनी १८१६ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून हे काम काढले. तोडलेले बांबू त्यांनी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले, म्हणजे पुढे कीड लागू नये. त्यातून धड निघालेलेच नळ्यांसाठी घेतले. १८२४ मध्ये वाद्य पुरे झाले. एकूण १०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या. तुतारीसारख्या खणखणीत आवाजाच्या, पुढे आडव्या डोकावणाऱ्या नळ्या मात्र धातूच्या. भूकंप-वादळांनी ते पार खिळखिळे झाले होते. १९७३ मध्ये सुटे करून ते जर्मनीत बॉनच्या क्लाइस कारखान्यात पाठवले आणि १९७५ मध्ये दुरुस्त होऊन परत आले. लेखकाने याला ‘नवलाची वस्तू’ म्हटले आहे, ते अन्यायाचे वाटते : हे वाद्य आजही मिस्सेला वाजते आणि १९७६ पासून त्याच्यासाठी दरवर्षी संगीत महोत्सव भरत आला आहे. — संपादक