संग्राह्य पत्त्यांचे खेळ

संग्राह्य पत्त्यांचे खेळ : प्रत्येक खेळाडूने विकत घेतलेल्या वा देवघेवीने मिळविलेल्या पानांतून स्वतःचा जोड रचावयाचा व त्या जोडाने प्रतिस्पर्ध्याशी डाव खेळावयाचा, अशा स्वरूपाच्या पत्त्यांच्या खेळांचा एक आधुनिक वर्ग. नेहमीच्या पत्त्यांच्या जोडात ५२ पाने असतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० पाने असतात. या दोन्ही प्रकारांत जोड एकच असून त्यातील सर्व पाने खेळणाऱ्यांना आधीपासून ठाऊक असतात. संग्राह्य पत्त्यांच्या खेळात मात्र दोन खेळाडूंचे जोड सर्वस्वी भिन्न असू शकतात. पानांची एकूण संख्या दर वर्षी वाढत जाते आणि कोणाही एका खेळाडूजवळ ती सर्व नसतात. पाने बंद पाकिटांतून विकली जातात व पाकिटात कोणती पाने निघतील, हे घेणाऱ्यास कळत नाही. संग्रह, व्यापार व क्रीडा या तीन प्रवृत्तींचा असा संयोग या खेळात झालेला आहे. त्याची मोहिनी आणि त्यावरील आक्षेप ही दोन्ही या संयोगातूनच उद्भवली आहेत.

पूर्वेतिहास : चित्रमय पाने जमविण्याचा छंद या खेळाहून बराच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटच्या पाकिटास ताठपणा यावा म्हणून त्यात जाड कागदाचा तुकडा घालीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲलन अँड गिंटर व ग्रेट ब्रिटनमधील विल्स यांसारख्या कंपन्यांनी त्यावर नट्या, खेळाडू, पक्षी, सैनिकांचे गणवेश इ. विषयांवरील क्रमवार चित्रे छापण्यास सुरुवात केली. संच पुरा करण्याच्या हव्यासाने ग्राहक तोच माल पुन्हा पुन्हा घेत. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईमुळे ब्रिटनमध्ये १९४० साली ही प्रथा खंडित झाली. अमेरिकेत टॉप्स या कंपनीने १९५१ पासून बेसबॉलपटूंची चित्रपाने देण्यास आरंभ केला. यांतील काही पाने पुढे अतिशय मौल्यवान ठरली. १९०९–११ या काळात तंबाखूच्या पाकिटांतून निघालेले होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे पान हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. या पानांचा नियमबद्ध खेळ मात्र क्वचितच होई. पाकिटातील अनिश्चितता आणि दुर्मिळतेतून येणारी किंमत, ही दोन तत्त्वे संग्राह्य खेळाला या छंदाकडून वारशाने मिळाली.

उगम : या वर्गातील पहिला यशस्वी खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा होय. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड (१९६३– ) हा गणिती असून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्याने चयन-गणितात संशोधन केले. १९९१ साली त्याने आपला एक पटावरील खेळ विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट या वॉशिंग्टन राज्यातील लहानशा प्रकाशनसंस्थेच्या पीटर ॲडकिसन या चालकास दाखविला. तो छापणे त्या संस्थेला परवडण्याजोगे नव्हते. क्रीडासंमेलनांत दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळता येईल असा सुटसुटीत, थोड्या वेळात संपणारा व कमी खर्चाचा खेळ ॲडकिसनने मागितला. गारफील्डने ती मागणी पुरी करताना प्रत्येक खेळाडूचा जोड वेगळा असावा, अशी कल्पना योजिली. ‘कॉस्मिक एनकाउंटर’ या १९७७ सालच्या खेळात प्रत्येक खेळाडूस नियम मोडण्याची एकेक खास शक्ती दिलेली असते. त्याचा प्रभाव गारफील्डवर होता. ‘मॅजिक’मध्ये मूळ नियम थोडे ठेवून त्यांना अपवाद करण्याचा अधिकार पानांनाच दिला गेला. विद्यापीठातील सहाध्यायांच्या गटांत दीर्घकाळ चाचण्या घेतल्यानंतर ऑगस्ट १९९३ मध्ये हा खेळ बाजारात आला. बेल्जियममधील कार्टा मुंडी या मुद्रणसंस्थेने छापलेल्या पहिल्या आवृत्तीत २९५ प्रकारची पाने व एकूण सु. २६ लाख प्रती होत्या. त्या अल्पावधीतच संपल्या.

खेळाचे स्वरूप : दोन खेळाडू म्हणजे परस्परांशी झुंजणारे दोन मांत्रिक, अशी या खेळाची भूमिका आहे. प्रत्येकाची जीवनशक्ती आरंभी २० अंकांची असते व प्रतिस्पर्ध्याची ती शून्यावर आणणे हे उद्दिष्ट असते. पाने मुख्यतः दोन प्रकारची असतात : भूमी आणि मंत्र. मैदान, बेट, दलदल, पर्वत व अरण्य या पाच भूमी अनुक्रमे पांढरा, निळा, काळा, तांबडा व हिरवा या पाच रंगांची शक्ती पुरवितात. या शक्तीस पॉलिनीशियन लोकसमजुतीतील अलौकिक शक्तिकल्पनेवरून ‘माना’ हे नाव दिलेले आहे. आपल्या पाळीत खेळाडू साधारणतः एक पान उचलतो व एक भूमी मांडतो; मांडलेल्या भूमी आडव्या करून त्यांच्या शक्तीतून प्राणी अवतीर्ण करतो वा इतर मंत्र योजतो. आडवे केलेले पान पुढील पाळीच्या आरंभी पुन्हा उभे करतात. पांढऱ्याकडे शिस्त व संरक्षण, निळ्याकडे बुद्धी व अडवणूक, काळ्याकडे मृत्यू व महत्त्वाकांक्षा, तांबड्याकडे आवेश व दाह, हिरव्याकडे वाढ व बळ, असे रंगांचे स्वभाव ठरलेले आहेत. कोणताही एक रंग परिपूर्ण नसल्याने जोडरचना हीच बुद्धीची पहिली कसोटी ठरते. पान मांडण्यापूर्वीच अर्धा खेळ झालेला असतो, असे जाणकार म्हणतात ते याच अर्थाने.

नियमांची उत्क्रांती : प्रारंभीच्या नियमांप्रमाणे जोडात किमान ४० पाने असावीत एवढेच बंधन होते, एकाच पानाच्या कितीही प्रती चालत. सामान्य खेळाडू मर्यादित पाने घेईल व प्रबळ दुर्मिळ पाने त्याच्या हाती एखाददुसरीच पडतील, या अपेक्षेवर समतोल अवलंबून होता. विक्रीने ही अपेक्षा खोटी ठरविली. ज्यांना परवडेल त्यांनी प्रबळ पाने मोठ्या संख्येने जमविली आणि डाव एकतर्फी होऊ लागले. त्यामुळे १९९४ पासून स्पर्धांसाठी किमान ६० पाने, एका पानाच्या जास्तीत जास्त चार प्रती (मूळ भूमी सोडून), तसेच निषिद्ध व मर्यादित पानांच्या याद्या असे नियम अमलात आले. ‘ब्लॅक लोटस’ हे पान याच काळात मर्यादित ठरले. १९९५ साली केवळ अलीकडच्या संचांतील पानेच चालतील असा स्वतंत्र स्पर्धाप्रकार सुरू झाला. जुनी महाग पाने नसलेल्या नवख्यास त्यामुळे दार उघडले. पण दर काही काळाने नवी पाने घेणे भागही पडले.

मूळ नियमांत पणाची तरतूदही होती. प्रत्येकाने जोडातील एक पान यदृच्छेने बाजूस काढावे व विजेत्याने दोन्ही न्यावीत, अशी ती पद्धत होती. खेळाडूंची नाराजी व जुगारविषयक कायद्यांची अडचण यांमुळे ती मागे पडली. पणाशी संबंधित पाने स्पर्धांत निषिद्ध झाली.

प्रसार : १९९४ च्या ऑगस्टमध्ये मिलवॉकी येथे या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तर १९९६ पासून व्यावसायिक स्पर्धामाला सुरू झाली. या यशामुळे १९९४–९५ मध्ये अनेक प्रकाशकांनी असे खेळ काढले. त्यांतील बहुतेक अल्पजीवी ठरले. जपानमध्ये १९९६ च्या ऑक्टोबरात पोकेमॉनच्या पत्त्यांचा खेळ निघाला व १९९९ साली तो इंग्रजीतून अमेरिकेत आला. शाळाशाळांतून मुलांची देवघेव, भांडणे व फसवणूक होऊ लागल्याने अमेरिका व ब्रिटनमधील अनेक शाळांनी ही पाने आणण्यास बंदी केली. त्याच वर्षी हॅस्ब्रो या खेळणी-उद्योगाने विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट ही संस्था सु. ३२.५ कोटी डॉलरना घेतली. काझुकी ताकाहाशी याच्या चित्रकथेवर आधारलेला ‘यु-गी-ओ’ हा खेळ कोनामी कंपनीने १९९९ साली जपानमध्ये व २००२ साली इंग्रजीत आणला. ‘मॅजिक’चे ऑनलाइन रूप २००२ मध्ये, तर ‘अरीना’ ही त्याची नवी आवृत्ती २०१९ मध्ये रीतसर प्रसिद्ध झाली.

दुर्मिळता व बाजार : पहिल्या आवृत्तीच्या पंधरा पानांच्या पाकिटात ११ सामान्य, ३ विरळ व १ दुर्मिळ पान असे. पुढे पाकिटांची रचना बदलत गेली, तरी श्रेणीनुसार संख्या ठरविण्याचे तत्त्व कायम राहिले. पान प्रबळ आहे म्हणून दुर्मिळ, की दुर्मिळ आहे म्हणून महाग, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. १९९४ च्या अखेरीस ‘फॉलन एम्पायर्स’ हा संच मागणीहून कितीतरी अधिक छापला गेला व त्याची पाकिटे दुकानांतून पडून राहिली. उलट १९९५ साली ‘क्रॉनिकल्स’ या संचात जुनी पाने पुन्हा छापली गेली, तेव्हा त्यांचे भाव कोसळून संग्राहक संतापले. प्रकाशकाने १९९६ मध्ये काही पाने पुन्हा कधीही छापणार नाही, असे वचन देऊन त्यांची राखीव यादी जाहीर केली. संग्राहकाचे धन सुरक्षित राहिले. परंतु ती पाने खेळू इच्छिणाऱ्यास कायमची दुरापास्त झाली. २०२१ साली ‘ब्लॅक लोटस’ची पहिल्या आवृत्तीतील एक निष्कलंक प्रत ५,११,१०० डॉलरना विकली गेली. साध्या पुठ्ठ्याच्या त्या तुकड्याच्या इतिहासात खेळाडू आणि संग्राहक यांचा हितविरोध स्पष्ट दिसतो.

या पद्धतीला पर्याय शोधण्याचे प्रयत्नही झाले. फँटसी फ्लाइट या अमेरिकन प्रकाशकाने २००८ पासून ठरलेली व जाहीर केलेली पाने असणारे संच विकण्याची पद्धत अवलंबिली. स्वतः गारफील्डने २०१८ साली ‘कीफोर्ज’ हा खेळ रचला. त्यात प्रत्येक विकत घेतलेला जोड जगात एकमेव असून त्यातील पाने बदलण्यास मुभा नाही. जोडरचनेची व देवघेवीची संपत्ती वाढविण्याची स्पर्धाच त्यामुळे नाहीशी होते.

नवशिक्याचा प्रारंभ : ‘मॅजिक’ची संपूर्ण नियमावली दोनशेहून अधिक पृष्ठांची आहे, तथापि खेळण्यास त्यातील अत्यल्प भाग पुरतो. नवख्यांसाठी प्रकाशकाने १९९७ साली ‘पोर्टल’ हा सुलभ संच काढला होता. ‘फाउंडेशन्स’ हा २०२४ चा संच व त्याची प्राथमिक पेटी यांमागेही हाच हेतू आहे. पहिली पायरी म्हणजे समबल असे दोन तयार जोड घेऊन एखाद्या मित्राशी पाने उघडी मांडून काही डाव खेळणे ही होय. भूमी व शक्ती यांचा हिशेब, पाळीतील क्रम आणि चढाई व बचाव या तीन गोष्टी अंगवळणी पडल्यावरच स्वतःचा जोड रचणे हिताचे ठरते.

जोडरचनेत गणिताचा मोठा आधार मिळतो. साठ पानांच्या जोडात साधारणतः २४ भूमी ठेवतात. अशा जोडातून आरंभी हाती येणाऱ्या सात पानांत सरासरीने २·८ भूमी येतात. भूमी फार कमी असल्यास मंत्र हातातच कुजतात. फार जास्त असल्यास शक्ती असून योजावयास काही राहत नाही. विशिष्ट पानाची एकच प्रत असल्यास ते पहिल्या सातांत येण्याची शक्यता सु. १२ टक्के, तर चार प्रती असल्यास सु. ४० टक्के असते. यामुळेच अनेक पानांची एकेक प्रत घालण्याऐवजी थोड्या पानांच्या चार-चार प्रती घालणे श्रेयस्कर मानतात. साठाहून अधिक पाने घालण्याचा मोह आणि दोनांहून अधिक रंगांचा हव्यास, हे नवशिक्याचे दोन नेहमीचे दोष होत.

खरेदीच्या बाबतीतही हेच गणित मार्गदर्शक ठरते. समान शक्यता असलेल्या ११६ दुर्मिळ पानांपैकी एक विशिष्ट पान हवे असून प्रत्येक पाकिटात एक दुर्मिळ पान निघते, असे समजू. अशी ११६ पाकिटे फोडूनही ते पान न मिळण्याची शक्यता सु. ३७ टक्के राहते. म्हणून हवी ती पाने सुटी विकत घेणे हा काटकसरीचा मार्ग होय. पाकिटे फोडण्यास खरा अर्थ येतो तो निवड-खेळात. त्यात प्रत्येक खेळाडू पाकिटातील एक पान ठेवून उरलेली शेजाऱ्याकडे सरकवितो; शेवटी जमलेल्या पानांतून किमान ४० पानांचा जोड रचतो. येथे श्रीमंताचा संग्रह निरुपयोगी ठरून सर्व जण एकाच पायरीवर येतात. देवघेव करताना दोन्ही पानांचे चालू भाव पाहणे, खेळाची पाने पारदर्शक आवरणात ठेवणे आणि महिन्याचा खर्च आधीच ठरविणे या सवयी आरंभापासून लावून घेणे इष्ट होय. लहान मुलांच्या बाबतीत हे भान पालकांनी ठेवावयास हवे.

मूल्यमापन : संग्राह्य पत्त्यांच्या खेळाने संभाव्यतेची जाण, वाचनातील काटेकोरपणा व युक्तिवाद यांना चालना दिली, तसेच अनोळखी माणसांना एका टेबलाभोवती आणले. त्याचबरोबर न पाहता घेण्याच्या पद्धतीने लाभाची हाव चेतविली, हेही खरे. हीच पद्धत पुढे संगणकीय खेळांत शिरली. २०१८ साली बेल्जियमच्या जुगार-नियामकांनी अशा खेळांतील सशुल्क बंद पेट्या त्या देशाच्या कायद्याविरुद्ध ठरविल्या. खेळ व जुगार यांतील सीमारेषा पानांवर छापलेली नसते. बंद पाकिटाच्या मोहापेक्षा डावाचा आनंद ज्यास मोठा वाटतो, त्याच्यापुरती ती स्पष्ट असते.