ऑटोकॅड अपग्रेड केलं, जुनी टूल्स गेली कुठं?

आवृत्ती बदलली की ड्राफ्ट्समनचा हात अडखळतो. सवयीचं बटण जागेवर नसतं, ड्रॉइंग द्यायची तारीख मात्र तीच असते. गायब वाटणारी बरीच टूल्स बंद झालेली नाहीत, फक्त आड गेली आहेत. खालच्या कमांड इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप कराव्यात.

क्लासिक स्क्रीन : 2015 च्या आवृत्तीत काढली. 'मेनूबार' कमांडला 1 द्या, वरचे मेनू परत येतात. हवे ते टूलबार लावून वर्कस्पेस आपल्या नावाने सेव्ह करा.

ॲरेची जुनी चौकट : 'ॲरेक्लासिक'.

ब्लॉक इन्सर्टची चौकट : 2020 पासून तिथे पॅलेट उघडते. जुनीच हवी तर 'क्लासिकइन्सर्ट'.

व्हीबीए मॅक्रो : 2010 पासून सोबत मिळत नाही. ऑटोडेस्कच्या साइटवरून आपल्याच आवृत्तीचं मॉड्यूल घेऊन बसवावं लागतं.

लिस्प फाइली : बहुतेक चालतात. 'ॲपलोड'मधल्या स्टार्टअप सूटमध्ये टाकल्या की दरवेळी आपोआप लोड होतात. अनोळखी ठिकाणची फाइल टाकू नका, त्यातून व्हायरस येतो.

लँड डेस्कटॉप : 2009 ची आवृत्ती शेवटची. सर्व्हेच्या कामाला आता सिव्हिल थ्रीडी.

काम घेणाऱ्या वर्कशॉपात 2017 किंवा त्याआधीची आवृत्ती असेल, तर 2018 फॉरमॅटची फाइल तिथे उघडत नाही. 2013 ते 2017 साठी 'सेव्ह ॲज'मध्ये 2013 फॉरमॅट निवडा.

शेवटचं आणि महत्त्वाचं : जुनी आवृत्ती लगेच काढू नका. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर राहू शकतात. आधी एक पूर्ण झालेलं काम नव्यात उघडा, प्लॉट काढा, जुन्या प्रिंटशी ताडून बघा. मगच पुढचं.