हाडांची झीज : हाड मोडेपर्यंत थांबू नका

घरातली दादी किंवा नानी मोरीत साधी घसरते आणि खुब्याचं हाड मोडतं. आपण म्हणतो, "वय झालं." पण पुष्कळदा हाड आधीच आतून विरळ झालेलं असतं. या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

कारणं : हाड जिवंत असतं. जुना भाग झिजतो, नवा भरला जातो. साधारण तिशीपर्यंत भर जास्त असते, पुढे हळूहळू झीज वरचढ होते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि स्त्रियांमध्ये ही झीज वेगाने होते. ऑस्टिओमलेशिया हा आजार वेगळा. त्यात ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होतात, अंग दुखतं, जिना चढणं जड जातं. ऑस्टिओपोरोसिस मात्र हाड मोडेपर्यंत बहुधा दुखतच नाही.

धोका कुणाला? पाळी लवकर गेलेल्या किंवा अंडाशय काढलेल्या स्त्रिया, फार बारीक अंगाची माणसं, आईवडिलांचा खुबा मोडलेला असणं, तंबाखू, दारू, वाढलेलं थायरॉईड आणि दमा-संधिवातासाठी 3 महिन्यांहून जास्त घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. या गोळ्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावं. पुरुषही यातून सुटत नाहीत.

परिणाम : मनगट, मणका आणि खुबा जास्त मोडतो. मणका दबला की उंची घटते, पाठीला बाक येतो. खुबा मोडून माणूस अंथरुणाला खिळला तर न्यूमोनिया आणि पाठीला जखमा होण्याची भीती असते.

काय करावं? डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस समजतात. 65 पुढच्या स्त्रियांनी, आणि धोका असेल तर पाळी गेल्यावरच, ही तपासणी विचारून घ्यावी. मोठ्या माणसाला रोज सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एक मोठा ग्लास दूध त्यातलं 300 च्या आसपास देतं. नाचणी, तीळ, काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळीही चांगली. बाहेर पूर्ण अंग झाकून जाणाऱ्या आपल्या आया-बहिणींनी गच्चीवर किंवा अंगणात हातापायांना ऊन द्यावं. काचेआडचं ऊन उपयोगाचं नाही.

मणका दबलेला असेल तर रुकू-सजद्यासाठी वाकण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, खुर्चीवर बसून नमाज अदा करता येते. मोरीत धरायला दांडा आणि रात्री दिवा, एवढं तर आपण आजच करू शकतो.